पत्ता हरवलेला दुवा

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. 'जुना' म्हटल्यावर हसू नका. माझं वय अवघं दीड वर्षाचं. पण संगणकाच्या जगात दीड वर्ष म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. त्यातून आता दोन हजार साल येऊ घातलंय, त्या दिवशी जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी आवई उठली आहे. तेव्हा माझी गोष्ट आजच ऐकून घ्या, उद्याचं कुणी सांगावं?

बोलताना मला सगळे 'लिंक' म्हणतात. पडद्यावर निळ्या अक्षरांतला, खाली रेघ ओढलेला एखादा शब्द तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावर बाण नेला की बाणाचा हात होतो आणि बटण दाबलं की दुसरं पान उघडतं. तो शब्द म्हणजे मी. माझ्या पोटात एक पत्ता लिहिलेला असतो. कुणी दाबलं की मी तो पत्ता संगणकाला सांगतो, संगणक तिथं जातो आणि पान घेऊन येतो. मी स्वतः मात्र कधीच तिथं जात नाही आणि हेच माझं दुखणं आहे. ज्या घराकडे मी लोकांना पाठवतो ते घर अजून तिथं आहे का, की उठून दुसरीकडे गेलं, हे कळायची मला काही सोय नव्हती. त्यामुळे माझा जीव सदा टांगणीला.

माझा जन्म नगरजवळच्या केडगावचा. पुणे रस्त्याला लागून कानिफनाथ सरांचा क्लास आहे. सरांचा मूळ धंदा टायपिंगचा. वीस वर्षं त्यांनी पोरापोरींची बोटं वळवली. मग काळ बदलला तसे त्यांनी चार संगणक आणले. खोलीच्या एका बाजूला टाइपरायटरची खडखड आणि दुसऱ्या बाजूला आम्ही गुपचूप, असा तो संसार. सर टायपिंगचे पक्के. पण संगणकाला ते जरा दबूनच असत. यंत्राला कव्हर घालताना झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं घालायचे.

गावात रक्तदात्यांचं एक मंडळ होतं. शिबिरं घेऊन घेऊन त्यांच्याकडे हजारावर माणसांचे अर्ज जमले होते, आणि ते सगळे एका गोणीत. कुणाला रक्त लागलं की गोणी जमिनीवर ओतायची आणि चौघांनी गुडघ्यांवर बसून हवा तो रक्तगट शोधायचा. सरांना ते बघवेना. ते म्हणाले, "आपल्याकडे मशीन असून ही गत? यादी संगणकावर करू." सर म्हणाले खरं, पण करणार कोण? तेव्हा भारती पुढे झाली.

भारती तेव्हा बाविशीची. सरांकडेच टायपिंग शिकली, तिथंच संगणक शिकली आणि पुढे तिथंच शिकवू लागली. तिचे वडील रंभाजी सुप्याच्या कारखान्यात कामाला होते. क्लास सुटला की ती दोन तास बसायची. चार महिने तिनं गोणीतला एकेक अर्ज यादीत चढवला. मग पानं बनवायला घेतली. रक्तगटवार, तालुकेवार अशी शंभरावर पानं व्हायची होती. एवढी पानं हातानं कोण लिहील? एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला पानं बनवणारा एक तयार प्रोग्राम मिळाला. त्याला एक साचा लिहून द्यायचा आणि नावांची यादी द्यायची. करंजीचा साचा असतो ना, तसंच. सारण बदलतं, आकार तोच. एका दमात शंभर पानं तयार!

त्या साच्यात भारतीनं मला लिहिलं. पहिल्या पानावर आम्ही आठ भावंडं, आठ रक्तगटांचे आठ दुवे. मी सगळ्यात शेवटचा, 'ओ निगेटिव्ह'. माझ्या पोटात तिनं माझ्या पानाचा पत्ता पुराच्या पुरा लिहिला. कुठली डिस्क, तिच्यात कुठलं फोल्डर आणि फोल्डरमध्ये कुठलं पान. फोल्डर म्हणजे कागद ठेवायचा कप्पा समजा. पत्ता अगदी चोख होता आणि मी तो पाठ केला.

आता एक गोष्ट सांगतो, पण भारतीला नावं ठेवायला नव्हे. त्या प्रोग्रामसोबत चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका होती. तिच्या शेवटाकडे लिहिलं होतं की साच्यात पत्ता लिहू नका, पानाचं फक्त नाव लिहा. ते पान कुठं आहे ते प्रोग्राम पानं बनवताना स्वतः बघेल. भारतीनं तीस पानं वाचली होती. पुढचं नंतर वाचू म्हणून तिनं पुस्तिका खणात ठेवली. कामाच्या माणसाचं 'नंतर' कधी येतं, तुम्हाला ठाऊक आहे.

उद्घाटनाला मंडळाची सगळी माणसं आली. नारळ फुटला, पेढे झाले. भारतीनं बटण दाबलं आणि समोर नावं उभी राहिली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "आरं तिच्या! समदी गोणी गेली की पेटीत!" त्या दिवशी सगळ्यांनी आम्हाला दाबून पाहिलं. दाबलेला दुवा निळ्याचा जांभळा होतो. मी तेव्हा पहिल्यांदा जांभळा झालो आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पण कौतुक चार दिवसांचं. पुढे माझ्या 'ओ पॉझिटिव्ह' भावाला रोज बोलावणं येई आणि मी आपला कुणी न दाबल्यामुळे पुन्हा निळा होऊन पडून राही. माझा रक्तगट दुर्मिळ. शंभर माणसांत त्याचे एकदोन निघाले तर नशीब. वर्षभरात मला चार वेळा दाबलं गेलं. बाकीचे दिवस मी पत्ता घोकत बसे आणि मनात येई, पान आहे ना तिथं? कुणी पुसलं तर? कुणी नाव बदललं तर? कंटाळलेला दुवा फार वाईट विचार करतो, मित्रांनो. पण माझा तो विचार एकदा खरा ठरला.

एकोणीसशे नव्याण्णवचा दसरा होता. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारा-अवजारांची पूजा करतात हे तुम्हाला सांगायला नको. भारती तिच्या आईबरोबर, गीताबाईंबरोबर, दोन दिवस आधीच नागपूरला गेली होती. त्याच दिवशी तिकडे दीक्षाभूमीवर त्यांचा मोठा मेळा भरतो. बाबासाहेबांनी धम्म दिला तो दिवस म्हणून त्यांच्या वस्तीतली माणसं दरसाल जातात. जाताना तिनं सरांना विचारून रजा घेतली आणि सर म्हणाले, "जा, निवांत जा. हिकडं काय न्हाई."

दसऱ्याला क्लास बंद. सरांनी एकट्यानंच खोली झाडली, टाइपरायटर पुसले, चारही संगणकांना झेंडूच्या माळा घातल्या. पडद्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट लावलं. तोवर सगळं ठीक होतं. मग सर माझ्या संगणकापुढं बसले आणि विचारात पडले. कुठलाही कागद टाइप करायचा तर वर आधी 'श्री' यायचा, हा त्यांच्या क्लासचा नियम. नवी वही उघडली की पहिल्या पानावर श्री, नवं रजिस्टर आलं की श्री. आणि या यंत्रात एवढं पुण्याचं काम ठेवलेलं, त्याच्या डोक्यावर श्री नाही! सरांना ते खटकलं.

त्यांनी एक नवं फोल्डर केलं, त्याला 'श्री' नाव दिलं, आणि भारतीनं केलेलं सगळंच्या सगळं उचलून त्या श्रीच्या आत ठेवलं. पहिलं पान उघडणारं एक छोटं चित्र पडद्यावर आणून ठेवलं, म्हणजे उघडायला सोपं. मग हात जोडले, यंत्र बंद केलं आणि पेढा तोंडात टाकून घरी गेले.

मला काहीच कळलं नाही. माझ्या पोटातला पत्ता जुनाच होता. घर हललं होतं आणि मी जुन्या जागेचा रस्ता पाठ करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा क्लास भरला होता. अकरा पोरंपोरी होती, त्यांत वृषाली नावाची बारावीतली चुणचुणीत मुलगी. तेवढ्यात दारात एक जीप थांबली आणि एक माणूस जवळजवळ धावतच आत आला. पायात चिखलानं भरलेल्या चपला, डोळे तांबारलेले. तो सूर्यभान, नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचा. जीप चालवायचा. त्याची बहीण रेश्मा बाळंत झाली होती, रक्त फार गेलं होतं, म्हणून तिला घाईनं नगरच्या दवाखान्यात आणलं होतं.

"साहेब, तिथल्या भिंतीवर तुमचा कागद लावलाय. ओ निगेटिव्ह पायजे. दोन बाटल्या सांगितल्यात. सणामुळं कुठंच न्हाई म्हनत्यात. तुमच्याकडं नावं हायेत ना?"

"हायेत तर! बसा, बसा. पाणी घ्या." सरांचा चेहरा उजळला. याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप होता. त्यांनी पहिलं पान उघडलं. आम्ही आठही भावंडं नीट उभी होतो. सरांनी बाण माझ्यावर आणला, बाणाचा हात झाला. वर्षभर मी या बोलावण्याची वाट पाहत होतो! सरांनी दाबलं. मी खणखणीत आवाजात पत्ता सांगितला.

संगणक गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. पडद्यावर पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी, की पान सापडत नाही.

सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरं. त्यांनी माझ्या भावंडांना दाबून पाहिलं, एकेक करून आठही. सगळीकडे पांढरं. सूर्यभान हातातला पाण्याचा पेला तसाच धरून उभा होता. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चुकीचं बोलत होतो आणि मला खरं काय ते ठाऊक नव्हतं. एक बाई तिकडे जिवाशी झुंजत होती आणि मी सांगितलेला रस्ता ओसाड जागेवर जात होता.

"व्हायरस आला का काय?" सर पुटपुटले. मग त्यांचा चेहरा बदलला. "का हिनंच पुसलं? जाताना काय करून गेली ही पोरगी?"

"भारतीताई कशाला पुसतील, सर?" वृषाली म्हणाली.

"मग कोण पुसणार? हिच्याशिवाय कोण हात लावतं याला? ह्यांना एवढं मोकळं द्यायलाच नको हुतं!"

'ह्यांना' म्हणजे कुणाला, ते सरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण कळलं सगळ्यांना. बाकावरच्या दोन पोरांनी माना खाली घातल्या. मित्रांनो, सर वाईट नव्हते. याच सरांनी भारतीला क्लासची किल्ली दिली होती. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी असं काही निघतं की ते आत कुठं दडून बसलं होतं याचं त्यालाही नवल वाटावं.

सरांनी माळ्यावरची गोणी काढायला सांगितली. पोरांनी ती ओतली आणि अकरा जण जमिनीवर बसले. पण अर्ज वर्षभरात उंदरांनी कुरतडले होते, कोपऱ्यावरचा रक्तगटच नेमका खाल्लेला. सूर्यभानही गुडघ्यांवर बसून कागद चाळू लागला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी पडद्यावरून बघत होतो आणि आतल्या आत येरझाऱ्या घालत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. सरांनी उचलला आणि ताठ झाले. नागपूरहून भारती बोलत होती. गाड्यांना गर्दी फार, यायला एक दिवस उशीर होईल, एवढं सांगायला तिनं फोन केला होता. एसटीडीवर माणसं ओरडून बोलतात, त्यामुळे तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"उशिराचं राहू दे," सर म्हणाले. "आधी हे सांग, जाताना तू यादी पुसलीस का?"

"काय झालंय, सर?" भारतीनं विचारलं.

सरांनी सांगितलं. दवाखान्यातल्या बाईचं सांगितलं, पांढऱ्या पानांचं सांगितलं. भारतीनं स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. तिनं विचारलं, "काल मशीनला कुनी हात लावला हुता का?"

"हात म्हणजे, मीच पूजा केली."

"नुसती पूजा? का काय हलवलं?"

"हलवलं कशाला? वर श्री लिहिला फक्त. चांगल्या कामाला श्री नको का? श्रीचं फोल्डर केलं आणि आत ठेवलं सगळं. जसंच्या तसं आहे."

"सर," भारतीचा आवाज एकदम हलका झाला, "काय बी पुसलं न्हाई. पानं आतच हायेत. लिंकेला जुना पत्ता माहीत हाय, म्हनून ती चुकतीय. तुमी लिंक दाबूच नका."

"मग श्री काढू का बाहेर?" सरांचा हात माऊसवर थबकला. पूजा केलेला श्री दुसऱ्याच दिवशी मोडायचा, हे त्यांच्या जिवावर आलं होतं आणि तसं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"नका काढू. काढायची गरज न्हाई. श्री उघडा. उघडलं? त्याच्यात आपलं रक्ताचं फोल्डर. त्याच्यात ओ निगेटिव्हचं पान दिसंल. त्याच्यावर दोनदा दाबा."

सरांनी दाबलं आणि पान उघडलं. नऊ नावं होती. वर्षभर मी ज्या पानाची काळजी वाहिली ते पान उघडलं, ते मला वगळून. तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

"आहेत! आहेत!" सर ओरडले. फोन ठेवायच्या आधी ते काहीतरी बोलू पाहत होते, पण भारतीच म्हणाली, "आधी त्या माणसाचं बघा, सर," आणि तिनंच फोन ठेवला.

नऊ जणांपैकी पहिले दोघं सणाला परगावी गेलेले. तिसरं नाव सुप्याच्या दगडाबाईंचं. त्यांचा फोन म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर. दुकानदारानं पोराला रानात पिटाळलं आणि ज्वारी पेरत असलेल्या दगडाबाईंना बोलावून आणलं. सरांनी फोनवर हात जोडायचेच बाकी ठेवले होते. तिकडून दगडाबाई म्हणाल्या, "रगात द्यायचंय ना? मंग एवढी गयावया कशापायी? भाकर खाल्लेली हाय, आलेच." कारखान्याचा एक टेम्पो नगरला निघाला होता, त्यात त्या बसल्या. दुसऱ्या बाटलीला केडगावचेच एक मास्तर मिळाले. सूर्यभानची जीप त्यांना घेऊन गेली, आणि दुपारी तीनच्या सुमाराला दवाखान्यातून फोन आला की रेश्मा शुद्धीवर आहे आणि पोरगी रडतेय चांगली.

खोलीत सगळे हसले. सर हसले नाहीत. ते माझ्यासमोर बराच वेळ बसून होते आणि पडद्यावरचं कुंकू रुमालानं उगाच पुसत होते.

दोन दिवसांनी भारती आली. दारातच वृषालीनं तिला गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, सर काय म्हणाले तेही. लपवून ठेवायला हवं होतं का? मला नाही ठरवता येत. भारती आत आली, खुर्चीत बसली. तिचे हात कळपाटीवर होते पण बोटं हलत नव्हती. मी इतक्या जवळून तिचा चेहरा पाहत होतो की मला पडद्याआड लपावंसं वाटलं. माझ्यामुळेच तर हे झालं होतं. मी खोटं बोललो आणि नाव तिचं खराब झालं.

मग तिनं खण उघडला, ती चाळीस पानांची पुस्तिका काढली आणि एकतिसाव्या पानापासून वाचायला घेतली. मध्येच ती सरांना म्हणाली, "चूक माझी बी हाय, सर. मी पत्ते हातानं लिहिले हुते. घर हललं की अशा लिंका मरत्यात."

"मी श्री काढून टाकतो," सर पुटपुटले.

"नगं. तुमचा श्री हाय तिथं राहू द्या. मी लिंकाच शहाण्या करते."

आणि तिनं मला हात घातला. साच्यातल्या माझ्या पोटातून तिनं तो सगळा पत्ता पुसून टाकला. मित्रांनो, मला वाटलं संपलो. पत्त्याशिवाय दुवा म्हणजे काय? पण त्या जागी तिनं फक्त माझ्या पानाचं नाव लिहिलं. आता साच्यातून पान बनताना मी प्रोग्रामला विचारतो, "या नावाचं पान सध्या कुठं राहतं?" प्रोग्राम बघून सांगतो आणि तेव्हाचा खरा पत्ता माझ्या पोटात भरतो. पाठांतर संपलं. आता मी विचारतो, आणि विचारण्यात मला लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. त्या नावाचं पान सापडलंच नाही, तर प्रोग्राम पुढं जातच नाही. जागीच थांबतो आणि आरडाओरडा करतो. म्हणजे मी फसणारच असेन तर बनतानाच फसेन, भारतीसमोर, भरपूर वेळ हाताशी असताना. कुणाची बहीण दवाखान्यात असताना नाही.

काम झाल्यावर भारती उठली. "सर, आता हलवा. कुठं बी हलवा."

सरांनी भीतभीत श्री उचलला आणि दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवला. भारतीनं प्रोग्राम चालवला, शंभरावर पानं नव्यानं बनली. सरांनी मला दाबलं. नऊ नावं! त्यांनी पुन्हा हलवला, पानं पुन्हा बनवली, पुन्हा दाबलं. पुन्हा नऊ नावं! सरांना तो खेळच झाला, लहान मुलासारखे ते पाचसहा वेळा श्री फिरवत बसले. भारती हसली. पण ते हसू ओठांवरचंच होतं आणि माझी तगमग काही थांबली नाही. माझा पत्ता दुरुस्त झाला होता, तिचं नाव अजून झालं नव्हतं. 'ह्यांना' हा शब्द त्या खोलीत तसाच लोंबकळत होता आणि त्याला शहाणं करणारा साचा कुणाकडे नव्हता.

दिवाळी झाल्यावर सूर्यभान आला. खांद्यावर अकोल्याकडच्या खाचरातल्या नव्या तांदळाची लहान पिशवी. रेश्मा आणि लेक घरी सुखरूप पोचल्या होत्या. सकाळचाच क्लास होता, तीच अकरा पोरंपोरी. सूर्यभान इकडेतिकडे बघत म्हणाला, "फोनवरून ज्यांनी सांगितलं, त्या ताई कोनत्या?"

वृषालीनं भारतीकडे बोट केलं. सूर्यभाननं पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि गोंधळून सरांकडे पाहिलं. "पन साहेब, त्या दिशी तुमी म्हनला हुता की एक पोरगी समदं पुसून गेली म्हनून. ती दुसरी हुती का?"

बिचाऱ्यानं साधेपणानं विचारलं होतं. भारती खाली पिशवीकडे बघत राहिली. सरांना विषय टाळता आला असता. 'असू द्या हो, चहा घ्या' एवढं म्हणून आपल्याकडे पुष्कळ गोष्टी झाकता येतात.

सर उभे राहिले. "दुसरी न्हाई. हीच ती. आन् हिनं काय बी पुसलं न्हवतं. मी हलवलं हुतं, माझ्या हातानं." शिकवताना ते कधी अशा बोलीत बोलत नसत. "आन् 'ह्यांना' म्हनलो हुतो मी. तुमच्या अकरा जनांसमोर म्हनलो हुतो, म्हनून अकरा जनांसमोर सांगतो. ते लई चुकलं माझं, भारती. हिच्या हातनं वर्षभर काम झालं आन् मी एका पांढऱ्या पानावर हिला चोर ठरवलं."

भारतीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "मला बी लागलं हुतं, सर," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि ते म्हणाली हे फार बरं झालं.

मग सर माझ्या संगणकापुढं येऊन बसले. "साचा उघडून दे," ते म्हणाले. भारतीनं उघडून दिला. सरांनी दहाही बोटं कळपाटीवर ठेवली, वीस वर्षांच्या सवयीनं, आणि साच्याच्या तळाशी न बघता टाइप केलं: 'ही पानं भारती रंभाजी भिंगारदिवे यांनी तयार केली.' एकही चूक न करता. मग म्हणाले, "आता बनव."

साच्यात लिहिलेलं एकाच पानावर उमटत नाही, मित्रांनो, सगळ्या पानांवर उमटतं. भारतीनं एक बटण दाबलं आणि अकोल्याच्या पानावर तिचं नाव आलं, पारनेरच्या पानावर आलं, पहिल्या पानावर आलं, माझ्या खाली आलं. शंभरावर पानं एका दमात. पोरांनी एकेक उघडून बघायला सुरुवात केली आणि सूर्यभान मोठ्यानं ते नाव वाचू लागला, प्रत्येक पानावर, पुन्हा पुन्हा.

मित्रांनो, माझी अस्वस्थता काही गेलेली नाही, ती जायचीही नाही. जो दुसऱ्याला रस्ता दाखवतो त्यानं थोडं अस्वस्थच असावं. तुम्हाला माझी एवढीच विनवणी आहे की एखादी वस्तू, एखादा कागद, एखादं फोल्डर हलवाल तेव्हा त्याच्या भरवशावर कोण बसलंय त्याला सांगत जा. अगदी चांगल्या मनानं, देवाचं नाव घेऊन हलवलंत तरी सांगा. आणि कधी समोर पांढरं पान आलं, तर जो तिथं बोलायला हजर नाही त्याचं नाव घेण्याआधी आपल्याच हातांना एकदा विचारा, काल तुम्ही काय हलवलं होतंत?